यंत्राची पाच मिनिटं आणि शेजारच्या खोलीतले अडीच तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात रक्ततपासणीच्या एका नव्या यंत्राची बातमी होती. यंत्राचा फोटो, फीत कापणारे हात, किंमत, आणि वर ठळक मथळा: पाच मिनिटांत अहवाल. बातमी खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. त्या जातीच्या यंत्रांच्या शेजारच्या खोलीत मी तेवीस वर्षं काढली आहेत. यंत्राला पाचच मिनिटं लागतात, कधी तीनही पुरतात. पण रक्त नळीतून उचललं आणि यंत्रात ओतलं असं होत नाही. मध्ये एक खोली लागते, त्या खोलीत माणसं लागतात, आणि तिथे एका खेपेला सहज दोन-अडीच तास जातात. त्या खोलीबद्दल बातमीत एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. कात्री लावायचीच तर माझ्याबद्दलच्या मजकुराला लावा, प्लाझ्माच्या नको.

मी माशेलची. रसायनशास्त्रात बीएस्सी करून 1998 मध्ये झुआरीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत लागले. औषध घेतल्यावर माणसाच्या रक्तात ते किती चढतं, किती वेळ टिकतं, हे मोजायचं काम. माझी नेमणूक कायम 'एक्स्ट्रॅक्शन'ला, म्हणजे प्लाझ्मातला नको तो ऐवज काढून हवं तेवढं औषध यंत्रवाल्यांच्या हातात द्यायचं. इंग्रजीतही या कामाला सफाईच म्हणतात. सासूबाईंना एकदा नीट समजावून सांगितलं, तेव्हापासून त्या चतुर्थीला आलेल्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून रक्त धुवायला जाते." पाहुणे माझ्या हातचं निवगिरीचं ताट जरा जपूनच घ्यायचे.

सासूबाईंची व्याख्या मात्र चुकीची नव्हती.

आधी प्लाझ्मा म्हणजे काय ते सांगते, कारण बातमीत रक्त, प्लाझ्मा आणि सीरम हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने आले होते. रक्त गोठू नये म्हणून ज्या नळीत आधीच औषध घातलेलं असतं, तीत रक्त घ्यायचं, नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. लाल पेशी खाली बसतात, वर राहतो तो प्लाझ्मा. रक्ताचा साधारण 55 टक्के भाग. रक्त गोठू दिलं आणि मग वरचं पाणी घेतलं तर ते सीरम. त्यात गोठवणारं फायब्रिनोजेन उरत नाही. चांगला प्लाझ्मा गवती चहाच्या पाण्यासारखा फिकट पिवळा दिसतो. रक्त काढताना घाई झाली, सुई फार बारीक घेतली, नळी खळाखळा हलवली की लाल पेशी फुटतात आणि प्लाझ्मा सोलांच्या कढीसारखा गुलाबी होतो. आणि तपासणीला आलेला माणूस आदल्या रात्री लग्नात जेवून आला असेल तर प्लाझ्मा नारळाच्या दुसऱ्या रसासारखा पांढरट. आमच्याकडे नळी उजेडात धरून पाहणं हा पहिला संस्कार होता. बारकोड नंतर.

आता मुद्द्याचा आकडा. प्लाझ्माच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 70 मिलिग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे सात कोटी नॅनोग्रॅम. रक्तदाबासाठी घरोघरी घेतली जाणारी ॲम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी पोटात गेल्यावर त्याच एका मिलिलिटरमध्ये तिचे जेमतेम काही नॅनोग्रॅम सापडतात. तीन धरा. सात कोटींत तीन. आमच्या घरी तांदूळ निवडण्याचं काम माझ्याकडेच असायचं, म्हणून मी एकदा हिशेब करून पाहिला: पन्नास किलोची अठ्ठावीस पोती तांदूळ, आणि त्यात शोधायचे तीन खडे. शिवाय प्रथिनांखेरीज मीठ, साखर, युरिया, कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड नावाचे चरबीसारखे पदार्थ आहेतच, आणि त्या माणसाने सकाळी घेतलेला चहाही.

इथे एक खुलासा करते, नाहीतर आपले डॉक्टर वाचक रागावतील. साखर, क्रिएटिनीन अशा रोजच्या तपासण्यांना यातलं काही लागत नाही. ते पदार्थ रक्तात भरपूर असतात, आणि तिथली अभिकर्मकं, म्हणजे तपासणीची रसायनं, नेमक्या त्याच पदार्थाला धरतात. मी बोलते आहे ती औषधं, काही संप्रेरकं, ड जीवनसत्त्वासारखी सूक्ष्म मात्रेतली मोजमापं, तीही मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, केलेली. बातमीतलं यंत्र तेच होतं.

प्लाझ्मा तसाच यंत्रात सोडला तर काय होईल? एका नव्या मुलाने ते आम्हाला करून दाखवलं होतं. सफाई झालेली व्हायल (छोटी कुपी) आणि न झालेली व्हायल ट्रेमध्ये शेजारी होत्या, त्याने चुकीची उचलली. कॉलमच्या, म्हणजे यंत्रात शिरण्याआधी पदार्थ एकेक करून वेगळे करणाऱ्या नळीच्या, तोंडाशी द्रावक आणि प्रथिनं यांची गाठ पडली आणि लिंबू पिळलेल्या दुधासारखी प्रथिनं फाटून तिथेच बसली. प्रेशरचा आकडा बघता बघता चढला, यंत्र बोंबलायला लागलं आणि बंद पडलं. कॉलम गेला. त्या काळी पन्नास हजारांच्या घरातली वस्तू, करंगळीपेक्षा थोडी जाड स्टीलची नळी. मुलगा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. पुढे तोच आमच्यातला सर्वांत काळजीपूर्वक हात ठरला.

सफाईच्या आमच्याकडे तीन तऱ्हा होत्या. सर्वांत सोपी म्हणजे प्रथिनं पाडणं: शंभर मायक्रोलिटर प्लाझ्मात तीनशे मायक्रोलिटर ॲसिटोनायट्राइल घालायचं, नळी घुसळणाऱ्या व्होर्टेक्सवर धरायचं, जोरात सेंट्रिफ्यूज करायचं. नळीच्या बुडाशी पांढरा चोथा बसतो, वरचं निवळ घ्यायचं. माझी आजी विहिरीचं गढूळ पाणी घागरीच्या आत निवळीची बी उगाळून स्वच्छ करायची, त्याची मला दर वेळी आठवण यायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि प्रथिनांपैकी 95 टक्क्यांहून जास्त एका फटक्यात खाली. शिवाय औषधाचा जो भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसलेला असतो तोही सुटतो. फिट्सवरचं फेनिटॉइन घ्या, त्याचा सुमारे 90 टक्के भाग असा चिकटलेलाच असतो.

दुसरी तऱ्हा द्रावकाने ओढून घेण्याची. प्लाझ्माचा सामू (पीएच) असा करायचा की औषध पाण्यात रमणार नाही, मग वर एथिल ॲसिटेटसारखं पाण्यात न मिसळणारं द्रावक घालून हलवायचं. औषध वरच्या थरात येतं, मीठ आणि प्रथिनं खाली राहतात. मग थंड मिश्रणात नळी बुडवून खालचा पाण्याचा थर गोठवायचा आणि वरचा थर अलगद दुसऱ्या नळीत ओतायचा. पुढे कोमट पाण्याच्या टाकीत नळ्या उभ्या करून वरून नायट्रोजनची बारीक फुंकर, द्रावक उडेपर्यंत. तळाला जे उरतं ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्या न दिसणाऱ्या गोष्टीत पुन्हा थोडं द्रावण घालून ती व्हायलमध्ये भरायची. नव्या मुली हटकून विचारायच्या, "मॅडम, यात आहे ना काहीतरी?" मी म्हणायचे, "असेल तर उद्या कळेल, नसेल तर आज रात्रीच फोन येईल."

तिसरी कार्ट्रिजची. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची नळी, तळाशी चिमूटभर पावडर. आधी मिथेनॉल, मग पाणी, मग प्लाझ्मा, मग धुणं, आणि शेवटी ज्यात औषध सुटतं ते द्रावण. खाली काचेच्या पेटीत व्हॅक्यूम. त्याचा कान एवढाच पिळायचा की देवळातल्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखा थेंब-थेंब पडला पाहिजे. धार लागली तर औषध पावडरला न धरता खालीच निघून जातं. चोवीस कार्ट्रिज एकदम लावल्या की चोवीस थेंबांवर नजर ठेवायची, आणि त्यातली एक हटकून तुंबणार. का तुंबते? फ्रीझरमधून काढलेला प्लाझ्मा वितळताना त्यात फायब्रिनचे बारीक धागे होतात. शेवयाच म्हणा. ते पिपेटच्या, म्हणजे मोजून द्रव उचलायच्या साधनाच्या, टिपेत अडकले तर शंभरऐवजी सत्तर मायक्रोलिटरच उचललं जातं आणि उचलणाऱ्याला कळतही नाही. म्हणून वितळल्यावर पुन्हा एकदा सेंट्रिफ्यूज करायचं, टीप नळीच्या बुडाला टेकवायची नाही, आणि उचलल्यावर टिपेतली पातळी दर वेळी डोळ्यांनी पाहायची. साठ नमुने तर साठ वेळा. हे कुठल्या यंत्राच्या माहितीपत्रकात नसतं.

आता ज्या कारणाने मला बातमी वाचून स्वस्थ बसवेना ते सांगते.

आमच्याकडे आधी यूव्ही डिटेक्टर होते, अतिनील प्रकाशावर मोजणारे. त्यात सफाई कमी पडली की आलेखावर ढीगभर शिखरं दिसायची; चूक लपायची नाही. मग मास स्पेक्ट्रोमीटर आला. हे यंत्र रेणूचं वस्तुमान पाहून नेमका आपलाच रेणू निवडतं, बाकीच्यांकडे बघत नाही. आलेख एकदम स्वच्छ, एकच सुबक शिखर. सगळ्यांना वाटलं, आता कशाला हवीत कार्ट्रिज? वरून फर्मान आलं: दिवसाला दुप्पट नमुने काढा, फक्त प्रथिनं पाडा आणि द्या. मीही खुश होते, खोटं कशाला सांगू. पाच वाजताची कंपनीची बस मिळायला लागली.

2005 चा पावसाळा. सकाळी लावलेली बॅच दुपारपर्यंत छान चालायची, आणि मग इंटर्नल स्टँडर्डचा आकडा खाली यायला लागायचा. हे इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे आम्ही प्रत्येक नमुन्यात स्वतःच्या हाताने सारख्याच मापाने घातलेला साक्षीदार पदार्थ. तो सगळीकडे सारखाच दिसला पाहिजे. एका नमुन्यात पूर्ण, पुढच्यात पाऊण, त्याच्या पुढच्यात निम्मा. अर्थात पहिला संशय आमच्यावर. "पिपेटिंग नीट करा," असा तोंडी निरोप आला. माझ्या हाताखालच्या दोन मुलींचे पिपेट तपासले, वजन करून पाहिले, अचूक होते. तरी त्यातल्या एकीला दुसऱ्या विभागात टाकलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमच्यात एक मोठे सर होते, मूळ पेडण्याचे, मितभाषी. त्यांनी एका शनिवारी यंत्र मागून घेतलं आणि मला थांबवून घेतलं. कॉलमच्या पुढे त्यांनी तीन तोंडांचा एक जोड लावला आणि त्यातून औषधाचं द्रावण सिरिंजपंपाने सावकाश, एकसारखं सोडत राहिले. पडद्यावर सरळ आडवी रेघ. "बघ, औषध सारखं जातंय, रेघ सारखी आहे." मग साधं द्रावक टोचलं, रेघ हलली नाही. मग औषध न घेतलेल्या माणसाचा प्लाझ्मा, आमच्या सोप्या पद्धतीने फक्त प्रथिनं पाडून, टोचला. मिनिट झालं. दीड झालं. आणि दोन मिनिटांच्या थोडं अलीकडे रेघ धाडकन खाली बसली, पावसाळ्यात कुठ्ठाळीच्या रस्त्यावर पडतो तसा खड्डा. बराच वेळ खालीच राहिली, मग हळूहळू वर आली. आमचं औषध कॉलममधून बाहेर येतं ते बरोबर त्याच खड्ड्यात.

औषध तर सारखंच जात होतं. यंत्रालाच ते दिसेनासं झालं होतं.

मग सरांनी यंत्राला 184 वस्तुमानाचा तुकडा पाहायला सांगितलं. फॉस्फोलिपिडांतली जी मोठी जात, फॉस्फेटिडिलकोलीन, ती फुटली की हा तुकडा निघतो. पडद्यावर एरवी रिकाम्या दिसणाऱ्या जागेत डोंगर उभा राहिला. प्रथिनं पडली होती, पण फॉस्फोलिपिड ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळून निवळाबरोबर वर आले होते. यंत्राच्या तोंडाशी द्रावणाचा फवारा होतो, थेंबांवर विद्युतभार चढतो, थेंब आटत आटत रेणू भार घेऊन बाहेर पडतात. याच तंत्रासाठी जॉन फेन यांना 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण थेंबावरचा भार आणि थेंबाच्या पृष्ठभागावरची जागा मोजकीच. तिथे फॉस्फोलिपिडांनी आधीच बैठक मारली असेल तर बिचाऱ्या औषधाला कोण विचारतो? वर आणखी एक खोडी: हे फॉस्फोलिपिड कॉलममध्ये रेंगाळतात आणि चार नमुने सोडून पाचव्याच्या वेळी बाहेर पडतात. म्हणजे गुन्हा एका माणसाच्या प्लाझ्माचा, शिक्षा दुसऱ्याच्या नमुन्याला. दुपारनंतर बिघडायचं ते यामुळे.

उपाय सापडला तो पुन्हा कार्ट्रिजमध्येच, पण वेगळ्या. आमचं औषध अल्कधर्मी होतं. आम्लात ते धनभारित होतं, आणि त्या कार्ट्रिजमधली पावडर धनभार धरून ठेवणारी होती. औषध असं घट्ट बांधून ठेवलं की वरून निव्वळ मिथेनॉलने बिनधास्त धुता येतं. फॉस्फोलिपिड धुऊन जातात, औषध जागचं हलत नाही. मग अमोनिया घातलेलं मिथेनॉल सोडायचं, की औषधाचा भार जातो आणि ते सुटून खाली येतं. ही कल्पना कुणाचीही असो, मला ती आजही फार देखणी वाटते. पुढच्या सोमवारी खड्डा बुजला. पाच वाजताची बस मात्र सुटली ती कायमची.

विचार करा, सरांनी तो शनिवार खर्च केला नसता तर? यंत्र चालूच होतं. प्रत्येक नमुन्याला पाच मिनिटांत आकडा देतच होतं, तीन दशांश स्थळांपर्यंत. आता या तपासणीचे नियम जगभर बरेच कडक आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेची मार्गदर्शिका 2001 ची, ती 2018 मध्ये सुधारली गेली. 2022 मध्ये एम 10 नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली. किमान सहा वेगवेगळ्या माणसांच्या प्लाझ्मावर पद्धत तपासून दाखवावी लागते, आणि त्याखेरीज पेशी फुटलेल्या गुलाबी आणि चरबीने पांढरट झालेल्या प्लाझ्मावरही. उत्तर खऱ्याच्या 15 टक्क्यांच्या आत यायला हवं. औषध कंपन्यांची कामं करणाऱ्या प्रयोगशाळांना हे पाळावंच लागतं, नाहीतर तपासणीला आलेला अधिकारी फाइल परत करतो. रुग्णाच्या नमुन्याची फाइल बघायला कोण येतं, हा माझा प्रश्न आहे.

आणि सफाई करून भागतं असंही नाही. जे नमुन्यात आधीच घुसलंय ते कुठलीही कार्ट्रिज काढू शकत नाही. आमच्या वाड्यावरच्या एका घरातली गोष्ट त्या घरच्या बाईला विचारूनच लिहिते. तिचा मुलगा काही वर्षं लिथियमच्या गोळ्यांवर आहे, तब्येत उत्तम, नोकरी करतो. या औषधाची रक्तातली पातळी अधूनमधून पाहावी लागते. ती लिटरला साधारण 0.6 ते 1.2 मिलिमोल असावी, दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. एका संध्याकाळी त्याची आई रडत माझ्याकडे आली. "ताई, तीनच्या वर आलीय. ताबडतोब दाखल करा म्हणतात."

मुलगा तिच्या मागे उभा, हातात स्कूटरची चावी. हात थरथरत नव्हते, बोलणं स्पष्ट. मी त्याला विचारलं, "रक्त घेतलं त्या नळीचं टोपण कुठल्या रंगाचं होतं रे?" तो म्हणाला, "हिरवं. मी मुद्दाम बघितलं, मागच्या वेळी लाल होतं."

हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन असतं, आणि ते बहुतेक वेळा लिथियमचा क्षार म्हणूनच घातलेलं असतं. म्हणजे दुधात पाणी किती ते तपासायचं, आणि दूध न्यायचं ते तळाशी पाणी ठेवलेल्या तांब्यातून. मी त्यांना डॉक्टरांशी लगेच बोलायला लावलं, डॉक्टरांना मुद्दा एका वाक्यात कळला. त्याच रात्री लाल टोपणाच्या नळीत रक्त दिलं. 0.8. मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. प्रयोगशाळेचं नाव मी लिहिणार नाही; तिथल्या मुलीला कुणी शिकवलंच नसेल तर तिचा दोष किती? जांभळ्या टोपणाचंही तसंच आहे. त्यात रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे त्या नळीतल्या प्लाझ्मावर या दोन तपासण्या केल्या तर पोटॅशियम भलतंच जास्त दिसतं आणि कॅल्शियम भलतंच कमी. यंत्राला हे कळत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते ते इमानदारीने मोजतं.

आता माझं मागणं. यंत्र घेऊ नका असं मी कुठे म्हटलं? घ्याच. 1842 सालापासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणारा आपला गोवा, इथल्या रुग्णाचा नमुना बाहेरगावी कशाला जावा? पण बातमीत यंत्राच्या किमतीचा आकडा होता, तसाच दुसराही आकडा आपल्या वार्ताहराने विचारायला हवा होता: वर्षभराच्या कार्ट्रिज, कॉलम, नायट्रोजन आणि शुद्ध द्रावकं यांची तरतूद किती? एक्स्ट्रॅक्शनला माणसं किती, त्यांना पगार काय, शिकवलं कुणी? कारण मी पाहिलंय, यंत्र थाटात येतं, दोन वर्षांत कार्ट्रिजचे पैसे संपतात, मग कुणीतरी म्हणतं, "प्रथिनं पाडून काम भागतंय ना?" आणि आमचा 2005 चा पावसाळा पुन्हा सुरू होतो.

दुसरं काणकोण, सांगे, वाळपईकडून येणाऱ्या नमुन्यांचं. रक्त नळीत तसंच ठेवून दोन तास गाडीत हिंदकळत आणलं की पेशी फुटणारच. तिथल्या तिथे सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करावा, थंड ठेवून तोच पाठवावा. एक छोटं सेंट्रिफ्यूज आणि ते चालवणारा एक शिकलेला हात, एवढ्यावर भागतं. आणि आला तो नमुना गुलाबी होता की पांढरट, हे अहवालावर छापा. आमच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना होता. रुग्णाच्या हातातल्या कागदावर तो का नसावा?

तिसरं शिक्षणाचं. पणजीचं औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय 1963 पासून आहे, विद्यापीठात रसायनशास्त्राचा विभाग आहे, मुलं हुशार आहेत. क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे कॉलममधून पदार्थ वेगळे करण्याच्या तंत्राचा, जनक कोण विचारलं तर मिखाईल त्स्वेत हे नाव झोपेतही सांगतील. पण माझ्याकडे कामाला आलेल्या दहा मुलांतल्या आठांनी प्लाझ्माची नळी हातात धरलेली नसायची, आणि तो संसर्गाचा धोका असलेला पदार्थ आहे, हातमोजे आणि हिपॅटायटिस बीची लस आधी, हेही पहिल्या दिवशी मलाच सांगावं लागायचं.

निवृत्त होताना आमच्या प्रयोगशाळेने भंगारात काढलेली बारा तोंडांची काचेची व्हॅक्यूम मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ट्रिज लावायची ती पेटी, मी रीतसर पावती करून घरी आणली. माळ्यावर आहे. दोन तोंडांचे व्हॉल्व्ह झिजलेत, बाकी दहा ठीक आहेत, काचेला तडा नाही. सोबत न वापरलेल्या कार्ट्रिजचा एक खोका आहे. मुदत उलटलीय, पण हात बसवायला चालतील. प्लाझ्माऐवजी आधी रंगीत पाण्यावर शिकवता येतं, मी तसंच शिकवायचे: लाल आणि निळा रंग मिसळून द्यायचा आणि दोन वेगळ्या नळ्यांत परत मागायचा. फोंडा, डिचोली किंवा तिसवाडीतल्या कुठल्याही महाविद्यालयाला हवी असेल तर घेऊन जावी, पैसे नकोत. शिकवायला मीही येईन, शनिवार सोडून कुठल्याही दिवशी. शनिवारी नातवंडं असतात.

आपली,
माशेलची एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)